पालथेकाका

पालथेकाकांचं खरं आडनाव आता फक्त दारावरच्या पाटीला माहीत आहे. असा माणूस तुमच्याही जिन्यात असणारच. मुलाने जाता जाता घरी मायक्रोवेव्ह बसवून दिला, त्या दिवसापासून हे गृहस्थ कुठलंही भांडं सरळ बघेनासे झाले. आधी बूड, मग पदार्थ.

मे महिन्यात आमच्याकडे आमरसाला आले. वाटी उचलली, थेट डोक्यावर धरली आणि खालून वाचायला लागले. "त्रिकोणात पाच असेल तर पॉलिप्रॉपिलीन. तेही चालेल, पण तेलकट रस्सा त्यात तापवू नका. काच ती काच." पाचाचा आकडा त्यांना सापडला की नाही कोण जाणे, रसाला मात्र त्यांचा चष्मा सापडला.

सत्यनारायणाला त्यांनी प्रसादाचा द्रोणही उलटा केला. शिरा गुरुजींच्या सोवळ्यावर.

स्पेन्सर नावाच्या अमेरिकन माणसाच्या खिशातलं चॉकलेट 1945 साली रडारच्या यंत्रापाशी वितळलं आणि त्यातून ही भट्टी निघाली, हे त्यांनी मला जिन्यात निदान दहा वेळा सांगितलंय. (खिशात आमच्या आत्याचा तिळाचा लाडू असता तर जग अजून गॅसवरच असतं.)

एका रविवारी ते न बोलावता आमच्या भांड्यांची परीक्षा घ्यायला आले. रिकामं भांडं आत, शेजारी पाण्याने भरलेला काचेचा पेला, एक मिनिट. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर पास. भांडंच तापलं तर नापास. मेलामाइनच्या ताटल्या त्यांनी परीक्षेलाच बसू दिल्या नाहीत. आईची लोणच्याची जुनी बरणी चटका बसेल इतकी तापली. "नापास!" काका आनंदाने ओरडले. "माझ्या सासूबाईंची बरणी नापास करणारा हा कोण?" म्हणून आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

सोनेरी कडेचे कप आत ठेवू नका, असंही ते बजावून गेले होते. मी मुद्दाम ठेवला. आत जी दिवाळी झाली, तिचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू गेला असावा. पाच मिनिटांत काका दारात. काही बोलले नाहीत. कप घेतला, उलटा केला, वाचला आणि परत दिला. न बोलल्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. खरं तर सोसायटीत निम्म्या घरांतून प्लॅस्टिकचे डबे हद्दपार झाले ते ह्याच माणसाच्या छळामुळे, पण हे त्यांना सांगायची सोय नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. मायक्रोवेव्हवर क्रोशाचा रुमाल, त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. काका गॅसपाशी उभे राहून स्टीलच्या एका पोचे पडलेल्या पातेल्यात दूध तापवत होते.

"हे काय, काका?"

"स्टील आत चालत नाही," ते म्हणाले आणि कप आणायला वळले.

दूध ओतून झाल्यावर पातेलं मी उचललं. सवय लागलीय आता. डोक्यावर धरलं. बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं काकूंचं माहेरचं नाव होतं, खाली लग्नाची तारीख.

उरलेलं घोटभर दूध माझ्या शर्टावर सांडलं. काकांनी मुकाट्याने फडकं पुढे केलं.