एक्स्ट्रीमलीकाका

मुंबई-पुण्याकडच्या हाउसिंग सोसायट्यांमधे एक सेक्रेटरी हमखास भेटतो. बोलताना हा साधा मराठी माणूस. 'जिना चढताना जरा दम लागतो,' यापलीकडे तक्रार नाही. तोच जिना नोटीस बोर्डावर चढला की 'एक्सक्रूशिएटिंगली डिफिकल्ट' होतो. नुसतं 'डिफिकल्ट' लिहिणं म्हणजे त्याला बनियनवर सभेला गेल्यासारखं वाटतं.

आमचे एक्स्ट्रीमलीकाका बँकेतून निवृत्त झालेले. शाळेत रेन आणि मार्टिनचं व्याकरण घोटलं, त्यातली मात्रा दाखवणारी क्रियाविशेषणं तेवढी अंगी लागली. (यातले रेनसाहेब म्हणजे सहारातल्या फॉरेन लीजनवर 'बो जेस्ट' ही कादंबरी १९२४ साली लिहिणारे. पाणीटंचाईवर लिहायचा अधिकार खरा त्यांचा.) काकांकडे अडचणींची प्रतवारी ठरलेली असते. नळ गळला की 'व्हेरी', कचरेवाल्याने दांडी मारली की 'एक्स्ट्रीमली', पार्किंगचं भांडण 'इनसर्माउंटेबली'. सगळा दारूगोळा असा मार्चपर्यंत उडवून झाल्यावर मे महिन्यात खरोखरच पाणी गेलं. मग काय करणार? महापालिकेच्या पत्रात त्यांनी 'व्हेरी' तीनदा लिहिलं आणि पट्टीने अधोरेखित केलं. उत्तर अर्थातच मराठीत आलं : 'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठविले आहे.' त्यात एकही क्रियाविशेषण नाही, याचं काकांना पाण्याहून जास्त वाईट वाटलं.

अमेरिकेतल्या पुतण्याने एकदा त्यांना स्ट्रंक आणि व्हाइटचं 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' आणून दिलं. 'व्हेरी', 'रादर' असले शब्द टाळा, असं ते पुस्तक १९५९ पासून बजावतं आहे. काकांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि अभिप्राय कळवला : 'एक्सीडिंगली युजफुल.'

आमचा प्लंबर मात्र वेगळ्या परंपरेतला. गच्चीवरच्या टाकीत डोकावून, कानावरची पेन्सिल काढत तो म्हणाला, "काका, जरा अवघड आहे." मराठीत डॉक्टर किंवा प्लंबर 'जरा' म्हणाला की शहाण्या माणसाने आधी खुर्ची शोधावी. काका नेमके गावी निघालेले. त्यामुळे नोटीस खजिनदारबाईंनी लिहिली, मराठीत, एका ओळीत : 'टाकीचे काम जरा अवघड आहे.'

संध्याकाळपर्यंत थकबाकीदारांसकट सगळ्यांचे चेक जमा झाले. काका परतले, बोर्डापाशी थांबले, चष्मा लावला आणि बॉलपेनने आधी 'जरा' खोडलं.