चांदीच्या गावातली वायर

गाडीतल्या अॅम्प्लिफायरच्या वायरची जाडी दोन गोष्टींवर ठरते: अॅम्प्लिफायर किती अँपिअर ओढतो आणि वायर किती लांब आहे. व्यवहारात ती तिसऱ्याच गोष्टीवर ठरते: खिसा.

खऱ्या 500 वॉटचा, 80 टक्के कार्यक्षम अॅम्प्लिफायर साडेबारा व्होल्टवर 50 अँपिअर ओढतो. खोक्यावर छापलेले 5000 वॉट हे वॉट नसून शुभेच्छा असतात. बॉनेटपासून डिकीपर्यंत 5 मीटर तांब्याची वायर 4 चौरस मिलिमीटरची असेल, तर सुमारे 1.1 व्होल्ट वाटेतच संपतात आणि 55 वॉट वायर तापवण्यात जातात. 16 चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट पाव व्होल्टवर येते. अर्थिंगची वायरही तितकीच जाड हवी.

फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत बसवतात. तो सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी तारेचा तुकडा लावला, की फ्यूजचे काम वायर करते, गाडीसकट.

खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे आणि चांदी धातूंमध्ये सर्वोत्तम वाहक. तांबे तिच्या किंचित मागे. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्के. सराफ्यात चांदी पारखून घेणारे गिऱ्हाईक वायरच्या दुकानात मात्र लाल आवरणावर भाळते. आवरण बोटाएवढे, गाभा काडीएवढा, त्यावर तांब्याचा मुलामा. टोक खरवडले की आत पांढरा धातू चमकतो. ती चांदी नसते.