तपासनीस

दिवाळी अंकाची पाने ज्या छापखान्यात तारेवाटे येऊन पडतात, तेथे यंत्रांची देखभाल करणारा एक, कागदाचा हिशेब ठेवणारा एक आणि सर्व्हरला काही झाले म्हणजे ज्याला हाक मारावयाची असा एक, असे तीन पुरुष असावेच लागतात. पैकी पहिल्या दोघांची नेमणूक रीतसर झालेली असते आणि तिसऱ्याची कधीच झालेली नसते. हा तिसरा गृहस्थ मूळचा खिळे जुळवणारा, वसुलीचा कारकून किंवा मालकांचा दूरचा भाचा यांपैकी काहीही असू शकतो. फार पूर्वी केव्हातरी रुसून बसलेला प्रिंटर त्याच्या हातून सुरू झाला, एवढाच काय तो त्याच्या अधिकाराचा दाखला. परंतु तेवढ्या दाखल्यावर त्याने जी सत्ता संपादन केलेली असते, ती पाहिली म्हणजे पेशवाईतल्या कारभाऱ्यांचे नवल वाटेनासे होते. आमच्या परिचयाच्या छापखान्यातील या जातीच्या गृहस्थांना सर्वजण अण्णा म्हणतात.

अण्णांना साध्या बिघाडात रस नाही. वीज गेली, तार निसटली, पासवर्ड विसरला, असल्या किरकोळ फिर्यादी ते हाताखालच्या पोराकडे वर्ग करतात. त्यांची चित्तवृत्ती फुलते ती एकाच तक्रारीने: ‘अण्णा, आम्ही पाठवलेल्या फाइलीचे नाव एफटीपीवर अर्धेच दिसते हो!’ हे वाक्य कानी पडताच ते हातातला चहा खाली ठेवतात, चष्मा धोतराच्या सोग्याने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने सावकाश पुसतात, आणि अंक वेळेवर निघण्याच्या चिंतेने अर्धमेल्या झालेल्या संपादकांना म्हणतात, ‘नाव कुठे तुटले तेवढे सांगा. कोणी तोडले ते मी सांगतो.’

या एका वाक्यात अण्णांचे सारे शास्त्र सामावलेले आहे, आणि ते शास्त्र खोटे नाही, हे त्यांची थट्टा करणारानेही कबूल केले पाहिजे. नाव आठव्या अक्षरापाशी संपले असेल, तर गुन्हेगार डॉसच्या घराण्यातला. कारण आठ अक्षरे नावाला, तीन शेपटाला, यापलीकडे त्या अमदानीत कोणालाच जमीन मिळत नसे, आणि पुढे विंडोज ९५ ने लांब नावांना मोकळीक दिली तरी पहिली सहा अक्षरे, एक नागमोडी रेघ व एक आकडा असे टोपणनाव मागच्या दाराने चालूच राहिले. चौदाव्यापाशी तुटले असेल तर १९७९ च्या युनिक्सचा वंशज, आणि एकतिसाव्यापाशी तुटले असेल तर जुना मॅकिंटॉश. छापखान्यातून तो अद्याप पुरता हद्दपार झालेला नसल्याने त्याच्यावर अण्णांची नजर कायमच असते. ही वंशावळ ते जुन्या कुळकर्ण्याने वतनाची कैफियत सांगावी तशा तब्येतीने सांगतात. एफटीपीचा मूळ मसुदा १९७१ साली ज्यांनी लिहिला ते अभय भूषण आपल्या कानपूरच्या आयआयटीत शिकलेले, हा मजकूरही मध्येच येतो. त्याचा तपासाशी काडीमात्र संबंध नसतो, पण संपादकांनी मान डोलवावी अशी अपेक्षा असते.

तथापि प्रत्यक्षात बहुतेक नावे पहिल्या शब्दाशीच तुटतात. ‘दिवाळी मुखपृष्ठ’, ‘दिवाळी अनुक्रमणिका’, ‘दिवाळी राशिभविष्य’ अशा नावांऐवजी यादीत नुसती ‘दिवाळी’, ‘दिवाळी’, ‘दिवाळी’ अशी रांग लागते, आणि त्यांतील एक मागावी तर सर्व्हर ५५० हा आकडा टाकून अशी फाइल दप्तरी नसल्याचे कळवतो. अशा वेळी अण्णा काळ्या पडद्यावर सर्व्हरची कच्ची यादी उतरवून घेतात आणि एकेका ओळीवर पेन्सिल ठेवून पंचनामा करतात: ही परवानगी, हे दुवे, हा मालक, हा गट, हा आकार, हा महिना, हा दिवस, ही वेळ, आणि हे नववे नाव. ‘तुमच्या प्रोग्रामाने ओळ रिकाम्या जागांवर तोडली आणि नववा तुकडा उचलला. दहावा तुकडाही नावाचाच आहे, हे त्या बापड्याला कोणी सांगितलेच नाही!’ अशी यादी माणसाच्या उपयोगी पडेल, प्रोग्रामाला मात्र ती वापरणे कठीण जाईल, हे एफटीपीच्या १९८५ च्या आरएफसी ९५९ या नियमपत्रातच नमूद आहे. २००७ च्या आरएफसी ३६५९ ने यंत्रांसाठी निराळी, निःसंदिग्ध यादीही ठरवून दिली. पण छापखान्यातला प्रोग्राम त्याहून वयस्क, आणि चालते ते बदलू नये हा मालकांचा शिरस्ता.

देवनागरी नावांचा मुकदमा याहून नाजूक. विंडोज नावाच्या लांबीची २५५ ही मर्यादा अक्षरचिन्हांत मोजते, लिनक्सचा सर्व्हर ती बाइटांत मोजतो, आणि आपल्या लिपीचे एकेक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते; त्यामुळे एकटा ‘श्री’ काना-मात्रेचा खर्च धरून बारा बाइट खाऊन बसतो. लिनक्स स्वतः नाव कापीत नाही, सरळ नाकारतो. कापतात ते मधले अतिशहाणे प्रोग्राम, आणि कधीकधी ते सुरी अक्षराच्या ऐन मध्यावर चालवतात, तेव्हा नावाच्या टोकाला काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह लटकते. ज्या साहित्यिकांना ‘श्रीमत्’पासून ‘सविनय सादर’पर्यंत सगळे फाइलीच्या नावातच उरकावयाचे असते, त्यांच्याविषयी अण्णांच्या मनात, का कोण जाणे, माया आहे.

उपाय विचाराल तर तो अगदीच क्षुद्र आहे. रिकाम्या जागी अंडरस्कोर द्यावा, नाव आखूड ठेवावे, नाहीतर सगळे झिप करून एका सोप्या नावाने पाठवून द्यावे. अण्णा हे जाणतात, पण तपास पुरा होईतो ते सांगत नाहीत. आणि झिपचे नाव काढले की, गुन्हा सिद्ध होण्यापूर्वी कोणी तडजोडीची भाषा काढावी, तसा त्यांचा चेहरा होतो.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास संपादकांनी पुन्हा वर्दी दिली: अण्णांच्याच फर्मानाप्रमाणे अंडरस्कोर घातलेले नाव शेवटाकडून तुटले असून पुढे तीन टिंबे दिसत आहेत. अण्णांनी अक्षरे मोजली. आठ नव्हेत, चौदा नव्हेत, एकतीस तर नव्हेतच. बाइटही मोजून झाले. कोणत्याही ज्ञात घराण्याशी आकडा जुळेना, तसतशी त्यांच्या मुद्रेवर नव्या गुन्हेगाराच्या शोधाची कांती चढू लागली, आणि नेमक्या त्याच क्षणी हाताखालच्या पोराने माउस धरून रकान्याची कड उजवीकडे ओढली. नाव कोठेही तुटलेले नव्हते. रकानाच अरुंद होता. ‘दिवाळी_अंक_अंतिम_मुखपृष्ट’ असे ते सबंध पडद्यावर प्रकट झाले.

संपादक हसले, पोरगे हसले. अण्णांनी मात्र चष्मा पुसून नाव पुन्हा एकदा अथपासून इतिपर्यंत वाचले, खुर्ची पुढे ओढली, आणि ‘ठ चा ट कोणी केला?’ असे विचारीत मुद्रितशोधकाला बोलावणे धाडले.