मावशींना देऊन टाकू

दसरा उलटला की घराघरांत माळे उपसायला सुरुवात होते. हल्ली या आवराआवरीला नवा उत्साह आला आहे. कमी वस्तूंत राहायचं, घर मोकळं ठेवायचं, असं बरेच जण ठरवतात. विचार उत्तम आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. तीन माणसांच्या घरात पंचवीस चादरी असतील तर त्या कमी व्हायलाच हव्यात. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. माळ्यावरचं सामान हॉलभर पसरतं, सगळे कंबरेवर हात ठेवून त्याकडे बघत राहतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘मावशींना देऊन टाकू.’

मावशींचं घर दहा बाय दहाचं. त्यात पाच माणसं. तुमचा एक पाय मोडलेला सोफा तिथे कुठे मावणार, हे कुणी विचारत नाही. मावशीही नको म्हणत नाहीत. म्हटलं तर ‘एवढं देतोय तरी मिजास बघा’ हे ऐकावं लागतं आणि काम सुटण्याची धास्ती असते ती वेगळीच. मग टेम्पोचं भाडं त्या भरतात, सोफा वस्तीत नेतात आणि आठवड्याभरात मिळेल त्या भावाने भंगारात घालतात. आपलं घर मोकळं झालं, त्यांचं भरलं. कृपा करून याला दान म्हणू नका. नको असलेलं सामान तुम्ही गरिबाच्या खर्चाने हलवलं, एवढंच घडलं आहे. मावशींना काही द्यायचंच असेल तर दिवाळीला महिन्याचा पूर्ण पगार बोनस म्हणून द्या, रोख द्या आणि भाऊबीजेच्या सुट्टीचे पैसे कापू नका.

आपण उशिरा देतो, हा त्यातला सगळ्यात मोठा दोष. मुलगा तिसरीत असताना त्याचा स्वेटर तोकडा झाला. त्याच आठवड्यात तो दिला असता तर दुसऱ्या एखाद्या पोराने दोन हिवाळे घातला असता. तो आपण धुतला, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला, ‘लागेल कधी’ म्हणून. मुलगा दहावी झाला तेव्हा स्वेटर बाहेर निघाला. कोपरांना कसर लागलेली, मनगटाची वीण सैल, चेनचा दात तुटलेला. आता आपल्याला तो द्यावासा वाटतो. वस्तू कामाची होती तोवर ती आपली, निकामी झाली की गरिबाची, हा हिशेब सभ्य घरांत बिनबोभाट चालतो आणि मला त्याची मनापासून चीड येते.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. मासेमारी करून स्वाभिमानाने जगणाऱ्या माणसांना ते घालवेनात. त्यात फाटके होते, मळके होते, त्या हवेत आणि त्या कामात उपयोगी न पडणारेही होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हाही ‘जुने कपडे पाठवू नका’ असं सांगायची पाळी आली. लोकांना पिण्याचं पाणी, कोरडा शिधा, औषधं, नवी अंतर्वस्त्रं आणि सॅनिटरी पॅड हवे होते. घरातलं चिखलाचं पाणी उपसणाऱ्या माणसाने आपलं कपाट निवडत बसावं, ही अपेक्षा आपण करतोच कशी?

मारी कोंडो या जपानी बाईंची मालिका २०१९ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर आली. त्यांची कसोटी सोपी आहे. वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा, नाही वाटला तर तिचे आभार मानून निरोप द्या. आमच्याकडेही पुष्कळांनी ती मनावर घेतली. प्रश्न चांगला आहे, पण तो फक्त आपल्यापुरता आहे. पिशवी दाराबाहेर गेली की तो संपतो आणि माझ्या मते खरा विचार तिथूनच करायला हवा. देहूत काय घडलं ते बघा. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी धाकट्या भावाशी, कान्होबाशी, कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं चरित्रकार सांगतात. त्यांच्याकडची मालमत्ता घटली आणि त्याच क्षणी गावातली कितीतरी कुटुंबं देण्यातून सुटली. घर हलकं करण्याची याहून नेमकी रीत मला माहीत नाही.

जुन्या घरांत वस्तूला पुढचा मुक्काम असे. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. पितळेचं भांडं मोडीत घालून वजनावर पैसे मिळत. बोहारीण दारात बसून साडीचा पोत बोटांनी चाचपत असे, जरीकडे बघत असे आणि एका स्टीलच्या डब्यासाठी अर्धा तास घासाघीस चालत असे. ती साडी शिवूनटिपून पुढे बाजारात विकली जाई. कापसाची गादी गोळा झाली की पिंजारी येई आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा फुललेली असे. आजची फोमची गादी कुणी पिंजत नाही. ती रात्री गुपचूप कचऱ्याच्या ठिकाणी टेकवून ठेवली जाते नाहीतर ओढ्यात लोटली जाते, आणि पावसाळ्यात पुलाखाली अडकून राहते. सकाळी ढकलगाडी घेऊन येणाऱ्या ताईंना सोसायटीचा रखवालदार सांगतो, ‘एवढी गादी पण घेऊन जा.’ पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे. तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था जुन्या वस्तू वेगळ्या गोळा करण्याच्या मोहिमा घेते. त्यांच्याकडे चौकशी करा, वस्तू धुऊन-पुसून द्या आणि गादीसारखं अवजड काही असेल तर उचलण्याचे पैसे द्या. आणताना दुकानदाराला हमाली मोजली होतीत की!

पण खरी गोष्ट उंबऱ्याच्या आत येताना ठरते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जायचं आणि प्लास्टिकची चाळणी, प्लास्टिकची डबी, प्लास्टिकचा कंगवा घेऊन यायचं, हे आता थांबवू या. घाऊक बाजारातून डझनाच्या भावाने आणलेलं हे वाण चैत्रापर्यंतही टिकत नाही. मूठभर गहू द्या, हरभऱ्याची जुडी द्या, गाजर-बोरं द्या. सुगडात तेच तर भरतो आपण. ब्लाउजपीसचंही तसंच. ज्या कापडाचं कुणी काही शिवणार नाही, जे एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत फिरत घडीवर पिवळं पडतं, ते देऊन कुणाचा मान राहतो? लग्नपत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापता, तसं रिटर्न गिफ्टही देऊ नका. पाहुणे जेवून समाधानाने जातील.

स्टीलच्या भांड्यांबद्दल मात्र मी थोडी हळवी आहे. लग्नात, मुंजीत, बारशाला भांड्यावर नाव घालून देण्याची आपली जुनी पद्धत. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं, आत्याचं किंवा मामाचं नाव, खाली तारीख. घासून घासून नाव पुसट होतं, पण बोट फिरवलं की कळतं. अशी पातेली बहुतेक घरांत माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेली असतात, कारण ती टाकवत नाहीत आणि ‘जुन्या वळणाची’ म्हणून वापरतही नाहीत. नव्या कोऱ्या सेटला ओट्यावर जागा, आत्याच्या पातेल्याला माळा. हे उलट करा. ती जाड बुडाची पातेली खाली काढा आणि रोजच्या वरणाला घ्या. पॉलिश केलेले सेट अजून चांगले आहेत, तोवरच ते एखाद्या नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला विचारून द्या. हवेत म्हणाले तर झाकणांसकट त्यांच्या घरी नेऊन पोचवा, रिक्षाचे पैसे तुम्ही द्या. नकोत म्हणाले तर राग मानू नका, दुसऱ्याला विचारा.