दोडक्याचा मांडव

सरे, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा
जून

तीर्थरूप आबा,

पाचाडात पाऊस लागला असेल, गड ढगात गेला असेल. आई इथे खुशाल आहे. आम्ही तितके खुशाल नाही.

आईला परसात दोडक्याचा मांडव हवा झाला. मी सीडरचे वासे आणले, सालीसकट. साल ठेवली तर आत ओल धरते, किडा लागतो, म्हणून ती काढायलाच हवी. तुमच्या सूनबाईंनी लगेच साल काढायचा वर्ग शोधला. हो आबा, फी भरून! तुम्ही फुकट शिकवत होतात, तेव्हा मी हिरकणीवाडीला रोपवे बघायला पळायचो.

वर्गात आधी चष्मे, हातमोजे, सूचना. मग ड्रॉनाइफ: दोन्ही टोकांना मूठ असलेलं पातं. वासा घोडीवर आडवा घालायचा आणि पातं आपल्याकडे ओढायचं. वसंतापासून या दिवसांपर्यंत सालीखालचा थर वाढता आणि ओला असतो, म्हणून साल उकडलेल्या बटाट्यासारखी सुटते. थंडीत पाडलेल्या लाकडाची मात्र चिकटून बसते, हलत नाही.

आईने चष्मा परत केला, खाली फतकल मारली, वाशाचं टोक दोन्ही पायांत धरलं आणि सुरू. आमचा वासा हातभर सोलून होईतो तिचा अख्खा पांढरा. नातू चित्रीकरण करत बसला. शिक्षकाने विचारलं, या कुठे शिकल्या? आई म्हणाली, "पाचाडात. आणि विचार त्याला, मी शिकवलं तर मला किती देणार?"

शिक्षकानेच सांगितलं, की या किनाऱ्यावरचे हैदा आणि इतर आदिवासी उभ्या सीडरची लांब पट्टी ओढून काढतात. बाकीची साल राखतात, झाड जगतं. आतल्या सालीच्या टोप्या, चटया विणतात, दोर वळतात. आई एकदम खूश: "आपल्या केवणीची सालच की ही! भारे बांधायला आम्ही तिचेच दोर वळायचो." तेव्हापासून शिक्षक तिला काकी म्हणतो.

मांडव उभा राहिलाय. पण सगळी साल आईने गॅरेजच्या भिंतीला रचलीय, चुलीला म्हणून. चूल इथे नाही, हे तिला पटत नाही. कचऱ्याची गाडी आली की ती ढिगाऱ्यापुढे पदर खोचून उभी राहते. गाडीवाला हात हलवून पुढे जातो. तुम्हीच फोनवर समजवा. रविवारी करा, त्या दिवशी गाडी नसते, ती जरा शांत असते.

तुमचा,
बाळ्या