पानशेतात गेलं!

12 जुलै जवळ आला की पुण्यात दोन गोष्टी वाढतात. एक खडकवासल्याची पाणीपातळी आणि दुसरी, 1961 साली पानशेतच्या पुरात वाहून गेलेल्या चीजवस्तूंची यादी. पहिलीला निदान पाऊस तरी लागतो.

यंदा एका आजोबांच्या घरची पेशवाईतली तलवार गेली. गेल्या वर्षी ती कट्यार होती, त्याआधी अडकित्ता. नदीकाठच्या पेठांमधून जेवढ्या बखरी, सनदा आणि थोरामोठ्यांची पत्रं गेली म्हणून सांगतात, तेवढी खरोखर असती तर लकडी पुलापाशी त्यांचाच बांध झाला असता आणि पुढचं पुणं कोरडं राहिलं असतं. वंशावळ? पानशेतात गेली. मॅट्रिकचा दाखला? पानशेतात. भाडं वाढवायचं कबूल केल्याचा कागद? अर्थात पानशेतात; दरमहा बारा रुपयांच्या पावत्या मात्र माळ्यावर कोरड्या ठणठणीत. पर्वतीच्या चढावर, जिथं पाणी पोचायला नोहाची नाव लागली असती, तिथल्या एका घराण्याची चांदीची अंबारी गेली. कशी, म्हणून विचारलं. “त्याच दिवशी सकाळी नारायण पेठेत आत्याकडे पॉलिशला दिली होती.” हत्ती कुठं होता हे विचारायचं धाडस झालं नाही. तोही गेला असणार.

जे खरंच गेलं त्याबद्दल मात्र कुणी फार बोलत नाही. पानशेतचं मातीचं धरण पुरतं झालेलं नसताना त्यात पाणी चढलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ते फुटायला बुधवारची सकाळ उजाडली. मग खाली खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फुटलं. हेच मध्यरात्री झालं असतं तर आठवणी सांगायला किती जण उरले असते? माणसं गेली, संसार गेले, घरं बसली. वाचलेल्यांनी वाड्यांच्या भिंतींवर ‘पाणी इथपर्यंत’ अशा खुणा केल्या. त्या सगळ्या वाहून गेलेल्या वस्तूंपेक्षा मोलाच्या होत्या. वाडे पाडले, खुणा राडारोड्यात गेल्या, आणि तो राडारोडाही आपण नेऊन टाकला कुठं? नदीत!

आता त्याच नदीकडे तोंड करून गॅलऱ्या काढतात आणि नदी दिसते म्हणून चौरस फुटाला जास्त पैसे मोजतात. पाणी सोडणार म्हणून भोंगा ओरडत असताना नदीपात्रात गाडी लावून मिसळ खायला जातात आणि भिडे पूल बुडाला की त्याच गाडीचा फोटो काढायला काठावर गर्दी करतात. 25 जुलै 2024 च्या पहाटे सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तेव्हा लोक म्हणाले, असं कधी झालंच नव्हतं. ज्या शहराला अडकित्ता आठवतो, त्याला नदी आठवत नाही! हा विसराळूपणा नव्हे, निव्वळ निर्लज्जपणा आहे.

तेव्हा फ्लॅट बघायला जाल तेव्हा देवघर कुठल्या दिशेला येतं हे नंतर विचारा. आधी पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नकाशा सापडत नाही म्हणाले, तर टोकन न देता घरी या.