हसा म्हणता, पण कोणाबरोबर?

न्यू जर्सीत, डॅलसमध्ये मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आईबाबांची सोय आपण चोख करतो. फोनला नवं सिम, टीव्हीवर मराठी वाहिन्या, फ्रिजमध्ये दूध-भाजी. आणि कामाला निघताना सांगतो, ‘मजेत राहा, हसत राहा.’ दार लागतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी हसायचं कोणाबरोबर?

हसण्याचे गुण गाताना नॉर्मन कझिन्सची गोष्ट हमखास सांगितली जाते. ‘सॅटरडे रिव्ह्यू’चा हा संपादक 1964 मध्ये सांधे आणि मणक्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. मार्क्स बंधूंचे चित्रपट पाहून दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा अनुभव त्यानं 1976 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिला. गोष्ट इथंच संपवतात, आणि माझा राग त्यावरच आहे. कझिन्सजवळ त्याचं सगळं ऐकून घेणारे मित्र-डॉक्टर विल्यम हिट्झिग होते. विनोदी पुस्तकं वाचून दाखवायला नर्स होती. तो एकटा हसत नव्हता.

बाल्टिमोरचे संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी माणसं हसतात कधी, याच्या नोंदी घेतल्या. एकटं असताना हसतो त्याच्या 30 पट आपण चारचौघांत हसतो. तेही बहुतेक वेळा विनोदाला नाही. ‘अगंबाई, तूच का ती?’ अशा साध्या बोलण्याला. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत सोबतीनं खळखळून हसलेल्यांची वेदना सोसायची ताकद वाढलेली दिसली. शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्यं सोडतं, हे त्याचं कारण असावं. डॉ. मदन कटारियांनी 1995 मध्ये मुंबईच्या बागेत हास्यक्लब काढला, तेव्हा चुटके थोड्याच दिवसांत संपले. माणसं मात्र येत राहिली आणि चुटक्यांशिवाय हसू लागली. हसण्याची हीच पद्धत पुढे ‘हास्ययोग’ म्हणून अमेरिकेतही पोचली.

तेव्हा आईला व्हॉट्सअ‍ॅपवर दहा विनोद पाठवून आपलं कर्तव्य संपत नाही. तिला गाडी चालवता येत नाही. पायी जावं असं दुकान जवळ नाही, कित्येक वस्त्यांत पदपथसुद्धा नाहीत. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी 2023 मध्ये एकाकीपणाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटलं. आपल्या घरातला दुपारचा सन्नाटा त्यातच मोडतो.

बृहन्महाराष्ट्र मंडळाचा ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ उपक्रम आहे. गावोगावची मंडळं आहेत, वाचनालयं आहेत, सीनियर सेंटर आहेत. तिथवर नेऊन सोडायला कोणीतरी हवं. चार घरांनी वार वाटून घ्यावेत: मंगळवारी तुमच्याकडे, गुरुवारी आमच्याकडे. चहा ठेवायचा, पत्त्यांचा डाव मांडायचा आणि आपण बाजूला व्हायचं.

आणि घरातलं कोणी आठवडेच्या आठवडे हसलेलं नसेल, जेवण-झोप उडाली असेल, तर त्याला ‘हस की जरा’ म्हणू नका. तो आजार असू शकतो, डॉक्टर गाठा. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर त्याच क्षणी 988 लावा. 2022 पासून मदतीचा हा तीन आकडी नंबर अमेरिकाभर चालतो. आईबाबांच्या फोनमध्ये तो आजच साठवा, आणि त्याच्याखाली शेजारच्या मराठी घरातल्या काकूंचाही.